ओवी बोहेमियाची नव्हे

गोराईला जाऊन आलो असं कचेरीत सांगितलं, तेव्हा आमचे हेड ड्राफ्ट्समन म्हणाले, "म्हणजे गोव्याच्या अलीकडे ना?" गिरगावात जन्म काढलेल्या माणसाचा भूगोल असाच असतो. माहीमच्या खाडीवर मुंबई संपते आणि पलीकडे एकदम अहमदाबाद लागतं. मीही त्यातलाच. एकोणपन्नास वर्षांचा झालो तरी अंधेरीच्या पुढे कधी उतरलो नव्हतो. उपनगर म्हणजे डॉक्टरांनी हवा पालटायला सांगितलेल्या माणसाची जागा, एवढंच ठाऊक.

तर जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पण का गेलो हे आधी सांगायला हवं आणि ते सांगणं माझ्या स्वभावाला जड जातं. माझी बायको म्हणते, तुमच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर वाचलेलं बरं, त्यात निदान सणवार तरी कळतात. बरोबर आहे तिचं. पण या खेपेला सांगणार आहे.

आम्ही चौघं मिळून स्ट्रिंग क्वार्टेट वाजवतो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि बसून गुडघ्यांत धरायचा एक भलामोठा चेलो. ना पेटी, ना तबला, ना गाणारा. चार वाद्यांनी एकमेकांशी बोलायचं, भांडायचं, पुन्हा एकत्र यायचं. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, आवाजाने जाड आणि मानाने कमी. तो माझ्याकडे. मिशनच्या शाळेत एका पाद्र्याने शिकवला आणि मग सुटला नाही.

वर्षभर खपून मी चार भागांचं एक क्वार्टेट लिहिलं. फोर्टमधल्या एका संगीत मंडळाने ते आपल्या हॉलमध्ये वाजवायचं कबूल केलं. त्याआधी ऐकून निवड करायला समितीचे लोक बसले होते. तिसरा भाग संपला तसे त्यांचे सेक्रेटरी, बॅरिस्टर आहेत, डोळे पुसत म्हणाले, "ही धून कुठल्या मुलखातली?"

ती धून माझ्या आईची. मालवणकडून आलेल्या, गिरणी कामगाराच्या बायकोची. पहाटे चाळीतल्या खोलीत जात्यावर बसून ती ओव्या म्हणायची.

मी म्हणालो, "बोहेमिया."

पार युरोपातल्या मुलखाचं नाव का घेतलं? दोन वर्षांपूर्वी त्याच हॉलमध्ये कुणी कोळीगीताचा तुकडा वाजवला होता, तेव्हा मागच्या खुर्च्यांत झालेलं हसणं माझ्या कानात होतं. आणि खरं सांगायचं तर हे काही नवीन नव्हतं. शाळेतले मित्र घरी यायचे तेव्हा मी आईला जातं थांबवायला सांगत असे. ती थांबवायची.

समिती खूश झाली. "बोहेमियन खेड्यातली लोकधून" असं कार्यक्रमपत्रिकेत छापायचं ठरलं. माझ्या तिन्ही साथीदारांनाही तेच खरं वाटलं. कार्यक्रमाला आठवडा होता. त्याआधी त्या तिघांना खरं सांगायचं, एवढं मनाशी धरून मी तालमींच्या प्रवासाला निघालो. 

वाकोला

पहिला मुक्काम मिंगेलकडे. मिंगेल आमचा पहिला व्हायोलिन, गोव्याचा. दिवसा अंधेरीच्या स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांना वाजवतो. पडद्यावर हिरो झाडाला टेकून रडला की मागे जे रडतं तो मिंगेल. पण त्याचं नाव आजवर कुठेच छापून आलेलं नाही. येत्या शनिवारी ते पहिल्यांदा छापलं जाणार होतं. पत्रिकेत, सगळ्यांत वर.

सांताक्रूझला उतरून पूर्वेला चालत गेलं की वाकोला. मी गर्दीतून जायची तयारी ठेवली होती. पण दोन्हीकडे सुकी भातशेतं, मध्ये क्रूस आणि क्रूसापाशी बांधलेली म्हैस. आमच्या गल्लीत एवढ्या जागेत साठ बिऱ्हाडं राहिली असती. मिंगेलचं घर कौलारू, पुढे अंगण, अंगणात फणस. त्याच्या बायकोने आंबट-तिखट कालवण आणि जाड्या तांदळाचा भात वाढला. आमच्या घरच्यासारखाच, फक्त कालवणात व्हिनेगर. मी दोनदा मागून घेतला.

घराजवळच विमानतळ. तालमीत दर थोड्या वेळाने छपरावरून विमान जायचं आणि मिंगेल गज उचलून थांबायचा. "हा आपला पाचवा मेंबर," तो म्हणाला. "फुकट वाजवता, पण तालात नाय."

दुसरा व्हायोलिन फ्रेनीबाई. अंधेरीच्या पारशी, पियानोच्या शिकवण्या घेतात, वयाने आम्हा सगळ्यांत मोठ्या. तिसरा भाग सुरू झाला. त्यात चेलो खालचा एकच स्वर धरून फिरत राहतो, माझा व्हायोला त्यावर घासत जातो, जात्याच्या फेऱ्यासारखा, एक अर्धा जड आणि एक अर्धा हलका. मग वर धून येते. तीन लांब ओळी आणि चौथी अर्ध्यावर तुटलेली.

वाजवून झालं. फ्रेनीबाईंनी चष्मा काढला.

"सदानंद, बोहेमियाचा डान्स मी पुष्कळ वाजवला. माणसं उडी मारते त्यात. हे तर कोण बसून पीठ दळते असं वाटते."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. खरंच आले होते. मिंगेल म्हणाला, "असूं दे गो बाई. ह्या बोहेमियाच्या लोकांना दुःख बरें कळतां." आणि वरून विमान गेलं. ते गेल्यावर मी चौथ्या भागाची पानं काढली.

आमचा चेलोवाला पास्कोल. हा ईस्ट इंडियन, मूळचा गोराईचा, नोकरीपायी वाकोल्यात राहिलेला. मुंबईत पोर्तुगीज यायच्या आधीपासून ज्यांची इथे शेतं होती अशा ख्रिस्ती मराठी लोकांतला. पण टाय घातल्याशिवाय तो चेलोला हात लावत नाही. आवरताना म्हणाला, "उद्या गोराईला या. भाचीचं लग्न हाय परवा. तालीम तिकडंच करू, आंब्याखाली. पन एक सांगतो. मांडवात वाजवायचं नाय. तिथं बँड हाय. आपलं हे तिथं नको."

"का रे, लाजतोस?" मिंगेलने विचारलं.

"त्यांना लाजत नाय. मांडवात बसलात तर त्यांच्या गान्यांना तुमी हसाल, म्हनून सांगतो."

बोरिवलीहून गोराई

बोरिवलीला टांगा मिळाला. चेलो मागे उभा राहीना, तेव्हा टांगेवाल्याने तो फ्रेनीबाईंच्या शेजारी बसवला आणि फ्रेनीबाई त्याला धरून बसल्या. रस्त्याला ताडाची झाडं, मग मिठागरं. मिठाचे ढीग उन्हात एवढे चकाकत होते की डोळे बारीक करून बघावं लागलं. वारा खारट. मला एकदम आईच्या गावची आठवण झाली आणि मुंबईत राहून मालवण आठवावं याचं आश्चर्य वाटलं. गिरगावातही समुद्र आहेच की. पण तो फिरायला जायचा समुद्र. हा कामाचा.

खाडीवर होडी होती. होडीवाल्या म्हाताऱ्याने चेलोच्या पेटीकडे बघितलं आणि टोपी काढली.

"कोन गेलं?"

"कुनी नाय गेलं, काका," पास्कोल म्हणाला. "वाजवायचं हाय ते."

"मग उभं धर. आडवं ठेवलंस तर मी नेनार नाय. सोमवारीच एक नेलाय."

पलीकडे पोचलो तर ओहोटी. धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत चिखलातून चालायचं. मिंगेल विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बगळ्यासारखा निघून गेला. फ्रेनीबाईंना दोन कोळणींनी हातांची खुर्ची करून नेलं. त्या वरून सूचना देत होत्या, "संभाळून चाल, मी पुष्कळ खाल्लेली आहे." मी मात्र मधोमध रुतलो. व्हायोला डोक्यावर धरलेला, पाय निघेना, आणि किनाऱ्यावरची बायकामाणसं हसतायत. एकीने ओरडून विचारलं, "पावनं, भाताची लावनी करताव का?" शेवटी पाय निघाला, चप्पल राहिली. ती अजून गोराईच्या खाडीत असेल. पुढचे दोन दिवस मी पास्कोलच्या भावाच्या चपला घालून हिंडलो.

लग्नघर गावाच्या मध्यावर. दारात माडाच्या झावळ्यांचा मांडव, आत बाया मोठमोठ्या कढयांत फुगे तळत होत्या. फुगे म्हणजे ताडीने फुगवलेल्या पिठाचे गोळे, बाहेरून लालसर, आत जाळीदार, किंचित गोड. त्याबरोबर डुकराचं मटण होतं, ते मी नम्रपणे नाकारलं. फुगे नाकारले नाहीत. दारूबंदी असल्यामुळे पाहुण्यांना कपातून काळा चहा दिला जात होता. तो पिऊन मिंगेलचे कान लाल झाले. फ्रेनीबाईंनी वास घेऊन कप बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मला परमिट आहे, पण असल्या चहाचं नाही."

ऊन उतरलं तशी नवरीसाठी पाणी आणायची वेळ झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी आणतात. आमच्यातही हळद असते, पण ती घरातल्या घरात. इथे सगळा गाव निघाला. बँडवाले पुढे, बिगुल, मोठा ढोल, आणि पास्कोलची कॅतरीनमावशी डोक्यावर कळशी घेऊन नाचत. सत्तरीची बाई, लाल लुगडं गुडघ्यापर्यंत, आणि कळशी हलत नव्हती. पास्कोल टाय सैल करत मागे मागे चालला होता.

पाणी आलं. बँडवाले जेवायला बसले. आणि मग त्या घरचा एक रिवाज आमच्यावर येऊन पडला. वाद्य घेऊन उंबरा ओलांडलेल्या माणसाने काहीतरी वाजवल्याशिवाय त्याला पान वाढायचं नाही. पास्कोल हे आम्हाला सांगायला विसरला होता, किंवा विसरला असेल असं मी धरतो.

"वाजव रे पोरा," मावशी त्याला म्हणाली. "एवढा मोठा खोका घेऊन आलास. काय मुंबईच्या लोकांनाच दावतोस?"

"मावशे, ते वेगलं हाय. तुला नाय आवडनार."

"मला काय आवडतं ते तू मला सांगनार?"

खुर्च्या आल्या. पास्कोल माझ्याजवळ वाकून म्हणाला, "तिसरा घे. तो हळू हाय. ते लोक बोलत बसतील, आपलं सुटून जाईल."

तिसरा. नाही म्हणायला मला सांगण्याजोगं कारण नव्हतं. 

चेलोने खालचा स्वर धरला. मी घासायला सुरुवात केली, जड अर्धा, हलका अर्धा. मांडवातला गलका चालू होता. मग मिंगेलने धून उचलली आणि पहिली ओळ पुरी व्हायच्या आत बायकांच्या बाजूचा आवाज बंद झाला. दुसऱ्या ओळीला मावशीने तोंड उघडलं.

"खाडीच्या पान्याला भरती आली गो, नवरी माजी गेली गो, पैलतीरी."

शब्द माझ्या आईचे नव्हते. चाल तीच. अर्ध्यावर तुटणारी शेवटची ओळसुद्धा तिथेच तुटली. मागच्या बायकांनी ती उचलली आणि मावशीची ओळ संपायच्या आधीच त्या सुरू झाल्या. मिंगेल माझ्याकडे बघत राहिला, पण गज थांबला नाही. फ्रेनीबाई कागदावरून नजर काढून बायकांकडे बघत वाजवत होत्या. आम्ही संपवलं तरी बायकांनी आणखी चार ओव्या म्हटल्या, कारण त्यांचं संपलं नव्हतं.

मग मावशीने पास्कोलला विचारलं, "ही आमची दलनाची वोवी. तुमच्या कागदावर कशी गेली?"

पास्कोल म्हणाला, "मावशे, ही बोहेमियाची."

"त्ये कंच्या बाजूला आलं? उत्तन गावच्या पुढं?"

सगळा मांडव हसला. पास्कोल हसला नाही. तो माझ्याकडे वळला. आणि इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते मी त्या हसण्यात, माझ्या तीन साथीदारांसमोर आणि पन्नास अनोळखी माणसांसमोर सांगितलं. ही जात्यावरची ओवी आहे. माझ्या आईची. ती मालवणकडची. समितीसमोर मी खोटं बोललो.

मावशीला यात विशेष काही वाटलं नाही. तिने माझं पान वाढायला सांगितलं.

पण पास्कोल मला बाहेर आंब्याखाली घेऊन गेला. टाय काढून खिशात घातला.

"मीबी लाजतो, सदा," तो म्हणाला. "तू बघितलंस. ही गानी, हे लुगडं, सगल्याला लाजतो. तीस वर्सं लाजतो. पन मी माज्या मावशीला परदेशी नाय म्हटलं कदी."



मिंगेल आणि फ्रेनीबाई येऊन उभे राहिले होते. पास्कोलने त्यांच्यासमोर सांगून टाकलं, "शनिवारी ह्या धुनीचं नाव बदललं तर मी वाजवीन. बोहेमिया म्हनून नाय वाजवनार."

"आणि नाव बदललें तर तो बॅरिस्टर कॉन्सर्टच करचो नाय," मिंगेल म्हणाला. तो चिडला होता. "आई तुझी, सदानंद, धून तुझी. पण कॉन्सर्ट माझीपण हाय. वीस वर्सां मी पडद्यामागे वाजवतां. एक दिवस माझें नांव कागदार येतां, तें तुझ्या खोट्यापायीं जातां."

"खोट्यापायी नाही," मी म्हणालो. "खऱ्यापायी जाईल. पण जाईल हे खरं."

फ्रेनीबाई म्हणाल्या, "आधी जेवा. उपाशी माणूस नेहमी चूक ठरवते."

जुहू

बॅरिस्टर जुहूला राहतात. समुद्राकडे तोंड करून बंगला, वाळू थेट फाटकापर्यंत. बाहेर नारळवाले आणि भेळवाले, आत व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या. आम्ही चौघंही गेलो. मिंगेल येणार नाही असं वाटलं होतं, पण तोही आला, कोट घालून.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. धून बोहेमियाची नाही, ओवी आहे, मी समितीशी खोटं बोललो, त्याबद्दल माफी मागतो. पत्रिकेत "जात्यावरची ओवी" असं छापावं आणि आईचं नाव घालावं.

बॅरिस्टर रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी चहा मागवला.

"सदानंदराव, माझी आजीही दळायची. मी ऐकत झोपलोय. त्या गाण्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांची जागा घरात."

"त्या दिवशी हॉलमध्ये तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं."

"बोहेमियन म्हणून ती फार सुंदर होती."

"तेव्हाही ती जात्यावरचीच होती."

मी पुढे बोललो. एवढं सलग मी माझ्या लग्नातही बोललो नसेन. म्हणालो, तिकडच्या मोठमोठ्या उस्तादांनी आपल्या खेड्यातले नाच, मेंढपाळांची गाणी, बायकांची अंगाई उचलून क्वार्टेटमध्ये घातली. ती आपण हॉलमध्ये कडक कॉलर घालून ऐकतो आणि तिकडच्या शेतकऱ्याला दाद देतो. त्या शेतकऱ्याची आईही दळतच असेल. मग आमच्या आईने काय घोडं मारलंय? 

"तुम्ही भावनेच्या भरात आहात," ते म्हणाले. "मी एक मार्ग सांगतो. तिसरा भाग गाळा. बाकीचे तीन वाजवा. पत्रिका तशीच राहील, सगळ्यांची नावं तशीच राहतील." आणि त्यांनी मिंगेलकडे बघितलं. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, किंवा त्यांना माणसं वाचता येत असावीत.

मिंगेलने कप खाली ठेवला. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. त्याने हो म्हटलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता, हे मनापासून लिहितो.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही तीन पायांची खाट घेशात?"

"म्हणजे?"

"म्हणजे आमी जातां."

फाटकाबाहेर आल्यावर पास्कोलने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर मिंगेलने तो झटकला. "हात काढ. मला अजून राग हाय." मग आम्ही चौघांनी वाळूत उभं राहून भेळ खाल्ली. फ्रेनीबाईंनी तिखट जास्त मागितलं आणि डोळ्यांतून पाणी काढत म्हणाल्या, "हे मात्र शंभर टक्के इकडचंच."

परत आल्यावर

शनिवारचा कार्यक्रम रद्द झाला. त्यानंतरच्या रविवारी वाकोल्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही चारही भाग वाजवले. पत्रिका शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिली होती. सगळ्यांत वर मिंगेलचं नाव, त्याच्याच मुलीच्या अक्षरात. तिसऱ्या भागापुढे माझ्या आईचं नाव. मिंगेल आपलं नाव बघून म्हणाला, "खडू हाय, पुसतलो." पण जाताना त्याने मुलीला फळा पुसू दिला नाही.

मंडळाकडून आता सांगून आलंय की लेखी दिलगिरी व्यक्त केली तर पुढच्या वर्षी आमचा विचार होईल. आमच्या हेड ड्राफ्ट्समनना हा व्यवहार पटतो. बायकोलाही थोडा पटतो. पण खोटं बोलल्याची माफी मी त्या व्हरांड्यात, चहा यायच्या आधी मागून टाकली आहे. ती खरी होती आणि एकदाच मागायची होती. आता त्यांना हवी आहे ती माफी खोट्याची नाही, ओवीची आहे. ती त्यांना मिळणार नाही. मी उरलेलं आयुष्य शाळांच्या हॉलमध्ये वाजवीन.

सध्या दुसरं क्वार्टेट लिहायला घेतलंय. त्यात गोराईच्या पाणी आणायच्या गाण्याची चाल आहे. ती मागायला मी पुन्हा खाडी ओलांडून गेलो होतो, या वेळी भरती बघून. कॅतरीनमावशीने चाल दिली, दोनदा म्हणून दाखवली, आणि एकच अट घातली. तिचं नाव छापायचं तर अर्धं छापायचं नाही. बापाचं, नवऱ्याचं, आणि खाली गोराई.